कशाने मत बदलाल, ते आधी सांगा

तर्कदोषांची नावं माहीत असलेल्या माणसांची आपल्याकडे आता कमतरता नाही. कुठल्याही व्हॉट्सअॅप ग्रुपवर वाद पेटला की थोड्याच वेळात कुणीतरी सुनावतं, 'हे तुम्ही व्यक्तीवर घसरलात', 'हे बुजगावणं उभं करून त्यालाच बडवताय'. नावं बहुतेक वेळा बरोबरही असतात. पण ती कायम समोरच्याच्या बोलण्याला चिकटवली जातात, आणि वाद संपतो तेव्हा दोन्ही बाजू होत्या तिथेच असतात. मला याचा मनापासून त्रास होतो. चिकित्सा म्हणजे दुसऱ्याला गप्प करायचं हत्यार, ही समजूत त्यातून पक्की होत चालली आहे, आणि कॉलेजातली हुशार मुलंही तेच शिकतायत.

माझं म्हणणं एवढंच आहे. तुमचं मत चुकीचं असेल तर काय दिसेल, हे तुम्हाला आधी सांगता येतं का? निकाल हातात येण्याआधी, चार लोकांसमोर, आकड्यासकट? येत असेल तर विषय कुठलाही असो, तुम्ही विज्ञानाच्या रीतीने विचार करताय. येत नसेल, तर सगळे तर्कदोष तोंडपाठ असूनही उपयोग नाही.

याचं आपल्या पुण्यात झालेलं उदाहरण मला जगातल्या कुठल्याही उदाहरणापेक्षा मोलाचं वाटतं, आणि ते पुणेकरांनाच नीट ठाऊक नसतं याचं वाईट वाटतं. 2001 मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने विद्यापीठांत फलज्योतिषाचे अभ्यासक्रम सुरू करायचं ठरवलं, तेव्हा देशभर वाद झाला. जयंत नारळीकर विरोध करणाऱ्यांत होते. पुढे 2008 मध्ये त्यांनी प्रत्यक्ष चाचणीच घ्यायचं ठरवलं. सोबत पुणे विद्यापीठाच्या संख्याशास्त्र विभागातले सुधाकर कुंटे, ज्योतिषाचा स्वतः अभ्यास केलेले प्रकाश घाटपांडे आणि अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे (अंनिस) नरेंद्र दाभोलकर. अंनिसच्या कार्यकर्त्यांनी शाळाशाळांतून मुलांच्या जन्मवेळा गोळा केल्या. शंभर मुलं अभ्यासात अतिशय हुशार, शंभर मुलं बौद्धिक अक्षमता असलेली. दोनशे पत्रिका तयार झाल्या. ज्योतिष्यांना प्रत्येकी 40 पत्रिका द्यायच्या आणि प्रत्येक पत्रिका कुठल्या गटातली ते विचारायचं. कुठली पत्रिका कुणाची, हे पत्रिका वाटणाऱ्यांनाही माहीत नव्हतं, म्हणजे चेहऱ्यावरून किंवा बोलण्यातून इशारा मिळायची सोयच नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, अट आधी ठरली होती. 40 पैकी किमान 28 उत्तरं बरोबर आली तर यश मानायचं. 51 जणांनी पत्रिका मागवल्या, 27 जणांनी उत्तरं पाठवली. सरासरी 46 टक्के. सगळ्यात चांगला निकाल 24. एका ज्योतिष संस्थेने सगळ्या दोनशे पत्रिका पाहिल्या, त्यांची 102 उत्तरं बरोबर आली.

'24 म्हणजे 60 टक्के झाले की! एकाला तरी विद्या येत होती', असं ऐकू येतं. इथे थांबून हिशेब करायला हवा. नाणं उडवून कुणी 40 उत्तरं दिली तर सरासरी 20 बरोबर येतील, पण सगळ्यांची काही 20च येणार नाहीत. 24 किंवा त्याहून जास्त येण्याची शक्यता साधारण 13 टक्के असते. म्हणजे 27 जणांनी नुसती नाणी उडवली असती, तरी तीन-चार जण 24 च्या घरात किंवा पुढे गेले असते. निकालानंतर सगळ्यात वरचा माणूस उचलून 'हा बघा' म्हणणं म्हणजे बाण आधी मारून त्याभोवती वर्तुळ काढणं. 28 ची अट आधी लावली होती, ती यासाठीच. नशिबाने तिथवर पोचणं शंभरात एकालाही जड आहे.

फलज्योतिषाच्या बाजूने जे युक्तिवाद कानावर येतात ते मी गंभीरपणे घेते. पत्रिकेवरून बुद्धी कळत नाही. आईवडिलांची पत्रिकाही लागते. खरे जाणकार असल्या चाचणीत उतरतच नाहीत. यातलं पहिलं म्हणणं खरं असू शकतं. मग ज्यावरून कळतं असा गुण तुम्ही निवडा, संख्या तुम्ही सांगा, पास व्हायची रेषा तुम्ही आखा, आणि ते सगळं कागदावर लिहून सही करा. तिसऱ्या म्हणण्यापुढे मात्र काहीच चालत नाही. जो नापास झाला तो खरा जाणकार नव्हताच, असं ठरवलं की खरा जाणकार कधीच नापास होणार नाही. हा तर्कदोष आहे हे तर खरंच, पण त्याने होणारं नुकसान मला जास्त महत्त्वाचं वाटतं: त्या विद्येला स्वतःची चूक कळायची वाटच बंद होते.

दाभोलकरांचा 20 ऑगस्ट 2013 ला सकाळी ओंकारेश्वराजवळच्या पुलावर खून झाला. शांतपणे पुरावा मागणारा माणूस होता तो. त्या पुलावरून जाताना मला अजूनही राग येतो, आणि तो यावा असंच वाटतं.

आता दुसरी बाजू. नारळीकर म्हणाले म्हणून ज्योतिष खोटं, असं म्हणणारे माझ्या ओळखीत बरेच आहेत. हा युक्तिवाद नारळीकरांनाच चालला नसता. त्यांच्या स्वतःच्या संशोधनातला मोठा भाग हा विश्वशास्त्रातल्या अल्पमताच्या बाजूचा आहे. केंब्रिजला फ्रेड हॉइल यांच्याबरोबर ते स्थिर स्थिती सिद्धान्तावर काम करत होते: विश्वाला आरंभ नाही, ते प्रसरण पावतं आणि नवं द्रव्य तयार होत राहतं, म्हणून ते सरासरीने कायम सारखंच दिसतं. हा सिद्धान्त चांगला होता, कारण तो धोका पत्करत होता. फार दूर, म्हणजे फार जुन्या काळात पाहिलं तरी विश्व आजच्यासारखंच दिसलं पाहिजे, असं तो सांगत होता. रेडिओ स्रोतांची मोजणी त्याच्या विरोधात गेली. 1965 मध्ये पेन्झियस आणि विल्सन यांना आकाशाच्या सगळ्या दिशांनी येणारं सूक्ष्मलहरींचं प्रारण सापडलं आणि बहुतेक शास्त्रज्ञ महास्फोटाच्या, म्हणजे विश्वाला आरंभ आहे असं मानणाऱ्या सिद्धान्ताच्या बाजूला गेले. नारळीकर गेले नाहीत. हॉइल आणि बर्बिज यांच्याबरोबर 1993 मध्ये त्यांनी सुधारलेली मांडणी पुढे आणली. तीही बहुतेकांना पटली नाही. मलाही महास्फोटाची बाजूच बळकट वाटते.

पण त्यांनी पुण्यात उभ्या केलेल्या आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेत महास्फोटाच्या चौकटीत काम करणारे नावाजलेले शास्त्रज्ञ होते, आणि संचालकांचं मत वेगळं म्हणून कुणाला आपलं मत गिळावं लागलं नाही. 20 मे 2025 ला नारळीकर गेले तेव्हा त्यांच्याबद्दल खूप लिहिलं गेलं, पण ही गोष्ट फार थोड्यांनी लिहिली. अल्पमतात असणं म्हणजे छद्मविज्ञान नाही. ते आपली मांडणी आकड्यांत करत होते, ती कुठे तपासता येईल ते सांगत होते, आणि हरलेला प्रत्येक मुद्दा छापील निबंधांत सगळ्यांसमोर हरत होते.

इथे एक अडचण आहे, ती लपवायची नाही. एक निरीक्षण विरोधात गेलं की सिद्धान्त फेकून द्यायचा, असा विज्ञानाचा नियम सांगितला जातो, पण खरं विज्ञान असं चालत नाही. युरेनसची कक्षा न्यूटनच्या गणिताशी जुळत नव्हती. न्यूटनला कुणी सोडलं नाही. ल व्हेरिए या फ्रेंच गणितज्ञाने म्हटलं, पलीकडे एक न पाहिलेला ग्रह असणार, आणि तो अमुक जागी असेल. 23 सप्टेंबर 1846 च्या रात्री बर्लिनमध्ये गॅलेने दुर्बीण लावली आणि सांगितलेल्या जागेपासून एक अंशाच्या आत नेपच्यून सापडला. मग बुधाच्या कक्षेतही गडबड दिसली. याच माणसाने तोच तर्क पुन्हा लावला: सूर्याजवळ आणखी एक ग्रह असणार. त्याला व्हल्कन हे नावही मिळालं. लोकांनी अनेक वर्षं शोधला. तो नाहीच. बुधाचा शतकाला 43 विकला (एक विकला म्हणजे अंशाचा 3,600वा भाग) इतका फरक शेवटी 1915 मध्ये आइन्स्टाइनच्या सिद्धान्ताने समजावला, आणि तिथे बदलावं लागलं ते न्यूटनलाच.

मला हे फार विचार करायला लावतं. एकच माणूस, एकच युक्तिवाद, एकदा बरोबर आणि एकदा चूक. तर्काच्या आकारात दोष शोधून दोन्ही वेगळे करताच येणार नाहीत. फरक दुर्बिणीने केला, आणि तोही ग्रह कुठे शोधायचा ते आधी सांगितलं होतं म्हणून. व्हल्कन अदृश्य आहे, फक्त शुद्ध मनाच्या खगोलशास्त्रज्ञालाच दिसतो, असं कुणी म्हटलं असतं तर तो आजही जिवंत असता.

'विज्ञान रोज मत बदलतं, मग विश्वास कशाला ठेवायचा?' हा प्रश्न विचारणाऱ्यांना मी नारायणगावजवळच्या खोडदची गोष्ट सांगते. तिथल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या 45 मीटर व्यासाच्या 30 डिश आपल्या पुण्याच्या शास्त्रज्ञांनी उभ्या केल्या. 29 जून 2023 ला जगातल्या अनेक गटांनी एकाच वेळी जाहीर केलं, की स्पंदकांच्या, म्हणजे नियमित रेडिओ ठोके देणाऱ्या ताऱ्यांच्या, ठोक्यांतल्या सूक्ष्म फरकांत खूप मोठ्या तरंगलांबीच्या गुरुत्वलहरींची खूण दिसते आहे. जीएमआरटीची निरीक्षणं त्यात होती. वर्षानुवर्षांच्या कष्टाचं फळ, सगळ्या जगाचं लक्ष. तरीही त्यांनी शोध लागला असं म्हटलं नाही. पुरावा मिळतो आहे, इतकंच म्हटलं, कारण भौतिकशास्त्रात शोध म्हणायची रूढ अट पाच सिग्मा आहे, म्हणजे नुसत्या गोंगाटातून असं दिसण्याची शक्यता साधारण 35 लाखांत एक. तिथवर ते अजून पोचले नव्हते. मोह आवरायची ही शिस्त ज्या कामात आहे, त्यावर मी विश्वास ठेवते, उद्या त्याचं मत बदललं तरी.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण अगदी घरगुती आहे. आमच्या सोसायटीत टँकरचा खर्च हाताबाहेर गेला आहे आणि नवीन बोअर घ्यायचं ठरतंय. मीटिंगमध्ये एक काका म्हणाले, "अहो, पाणाड्याला बोलवा. माझ्या मेहुण्याच्या प्लॉटवर त्याने नारळावर पॉइंट दिला आणि दोन इंची पाणी लागलं." पाणाड्या म्हणजे तळहातावर नारळ ठेवून जमिनीखालचं पाणी कुठे आहे ते सांगणारा माणूस. सगळ्यांनी माना डोलावल्या. काका खोटं बोलत नाहीत, पाणी लागलंच असणार. पाणाड्याही फसवतो असं मी म्हणत नाही. हाताच्या स्नायूंची आपल्या नकळत हालचाल होते, हे विल्यम कार्पेंटरने 1852 मध्येच मांडलं होतं. तळहातावरचा नारळ उभा राहतो तेव्हा त्या माणसाला तो खरंच आपोआप उठल्यासारखा वाटतो.

पण पुण्याखाली काळा बेसाल्ट आहे, साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थरावर थर. पाणी वरच्या झिजलेल्या मुरुमात, खडकाच्या भेगांत आणि दोन थरांच्या सांध्यात असतं. बऱ्याच जागी कुठेही बोअर मारली तरी थोडंफार लागतं, आणि काही जागी वीस पावलांवरची कोरडी जाते. तेव्हा प्रश्न हा आहे, की पाणाड्याने जिथे 'नाही' म्हटलं तिथे मारली असती तर काय झालं असतं? ते कुणीच पाहत नाही, कारण तिथे पैसे घालणार कोण? आणि कोरड्या गेलेल्या बोअरची गोष्ट कुठल्याच मीटिंगमध्ये कुणी सांगत नाही.

मी मीटिंगमध्ये म्हटलं, पाणाड्याला जरूर बोलवू. पण त्याने पॉइंट दिला की त्याच्या डोळ्यांवर पट्टी बांधून, चार चकरा मारून, पुन्हा शोधायला सांगू. दोन पाणाडे बोलवू, एकमेकांना भेटू न देता. पॉइंट किती फुटांच्या आत जुळले तर मानायचं, ते आज ठरवू आणि मिनिट्समध्ये लिहू. जुळले तर मी माझं मत बदलेन, हे माझ्या नावानिशी लिहा. त्याचबरोबर भूजलशास्त्रज्ञालाही बोलवू, आणि त्यालाही तोच नियम: किती फुटांवर, किती पाणी, हे बोअर मारण्याआधी लेखी. जुन्या लोकांचं ज्ञान हसण्यावारी नेण्यासारखं नसतंच. वराहमिहिराने सहाव्या शतकात झाडं आणि वारुळं पाहून भूजल ओळखायच्या खुणा नोंदवल्या, आणि त्या तपासता येतात, कारण झाड सगळ्यांना दिसतं.

सेक्रेटरींनी ते लिहून घेतलं. मीटिंगमध्ये थोडी कुजबुज झाली, पण काकांनीच अनुमोदन दिलं, आणि त्यांच्याबद्दलचा माझा आदर वाढला.

आता तुमच्याकडून मदत हवी आहे. सिंहगड रोड, धायरी, कोथरूड, बावधन, वारजे या भागात गेल्या काही वर्षांत तुमच्या सोसायटीने बोअर घेतली असेल तर खोली, पाणी किती फुटांवर लागलं, आज किती येतं, आणि पॉइंट कुणी व कसा दिला, एवढं मला कळवा. पाणी न लागलेल्या बोअरची माहिती आधी पाठवा.