दोन टक्के घालूनही मीटर गप्पच? – निपाणीच्या दादांच्या कमेंटला उत्तर

दादा, तुमची कमेंट रात्री वाचली. तुम्ही लिहिलंय, "एक टक्क्याच्या आत नॅनोट्यूब घातल्या तरी प्लास्टिक करंट नेतं म्हणालात, मी पीपी ८० टक्के, नायलॉन २० टक्के घेऊन त्यात २ टक्के ट्यूब घातल्या, मीटर ओएलच दाखवतोय, सगळं पुस्तकी आहे तुमचं." (नॅनोट्यूब म्हणजे कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या, पीपी म्हणजे पॉलिप्रॉपिलीन प्लास्टिक, आणि ओएल म्हणजे रेझिस्टन्स मीटरच्या आवाक्याबाहेर.) जरा तिखट आहे, पण यात अर्धी चूक माझीच आहे की. मी पोस्टमध्ये ठोकून दिलं होतं, ट्यूब जितक्या छान विखुरतील तितका करंट चांगला. तसं नसतं. पिठल्यातल्या गुठळ्या मोडाव्यात तसे ट्यूबचे गोळे मोडायला लागतातच, पण नंतर त्या एकमेकींना टेकून रांग धरायला पाहिजेत, आणि रांग कुठं धरतात त्यावर सगळा खेळ.

आता तुमच्या मालात काय झालं असणार बघा. नॅनोट्यूबना पीपीपेक्षा नायलॉन जवळचं वाटतं, मिसळायच्या मशिनच्या गरम नळीत, म्हणजे बॅरलमध्ये, दोन्ही वितळले की बहुतेक ट्यूब नायलॉनकडं पळतात. म्हणजे तुमचे २ टक्के त्या २० टक्क्यांत जाऊन बसले, तिथं त्यांचं प्रमाण जवळपास ९ टक्के झालं, भरपूर झालं की. पण नायलॉन जड, पीपी हलकं, त्यामुळं वजनानं २० असलं तरी घनफळात ते १६-१७ टक्केच भरतं आणि पीपीच्या आत सुटे सुटे थेंब होऊन राहतं. पुरात वेदगंगेकाठच्या वस्त्या कशा होतात, प्रत्येक वस्तीत माणसं गच्च पण या वस्तीतून त्या वस्तीत जायला वाट नाही, तसं. नायलॉन शेताच्या बांधांसारखं सलग पाहिजे, मग ट्यूब फक्त बांधावरून चालल्या तरी या टोकाहून त्या टोकाला पोचतात आणि पीपीचा भाग रिकामा राहिला म्हणून बिघडत नाही, माल मात्र वाचतो. याला डबल पर्कोलेशन म्हणतात, जपानात सुमिता या संशोधकांनी १९९१ मध्ये कार्बन ब्लॅक (काजळीसारखी कार्बनची पूड) घेऊन हे दाखवलं, आणि गंमत म्हणजे त्याच वर्षी तिकडंच इजिमांचा नॅनोट्यूबवरचा गाजलेला पेपर आला.

तेव्हा नायलॉन ४०-५० पर्यंत नेऊन बघा. हा काही पक्का आकडा नव्हे, दोघांतलं कुठलं किती पातळ वितळतंय त्यावर तो सरकतो. नायलॉन नीट वाळवून घ्या, हे तुम्हाला सांगायला नको.

आणि बॅरलमधल्या स्क्रूचा आरपीएम (फिरण्याचा वेग) वाढवत बसू नका. मी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत एका ओळखीच्याच्या शेडमध्ये तेच केलं होतं, रिझल्ट येईना म्हणून तोच माल दोनदा जोरात फिरवला, रंग काय सुरेख एकसारखा काळा आला, आणि रेझिस्टन्स आणखी वाढला, कारण ट्यूब तुटून आखूड झाल्या होत्या. तो मित्र अजून चहाच्या टपरीवर त्यावरून चिडवतो.

मीटरचंही एक आहे. अँटिस्टॅटिक (स्थिर वीज साठू न देणाऱ्या) मालाचा रेझिस्टन्स दहा लाख ओमपासून शंभर कोटींपर्यंत चालतो, साधा मल्टिमीटर तिथं हात टेकतो, मेगर (खूप मोठा रेझिस्टन्स मोजणारं मीटर) लावा. शिवाय इंजेक्शनच्या (वितळलेलं प्लास्टिक साच्यात दाबून बनवलेल्या) पीसला वरून जी कातडी येते तिच्यात ट्यूब प्रवाहाच्या दिशेनं आडव्या पडतात, एकमेकींना कमी टेकतात, त्यामुळं वरवर प्रोब लावून काही कळत नाही. दोन्ही टोकं कापा, सिल्व्हर पेंट लावा, मग मोजा.

नायलॉन सलग झालंय का हे बघायला मायक्रोस्कोप नको. पीसचा तुकडा वजन करून फॉर्मिक ॲसिडमध्ये दोनेक दिवस ठेवा (हातमोजे, चष्मा घालून, उघड्यावर), ते नायलॉन विरघळवतं, पीपीला काही करत नाही. धुऊन वाळवून परत वजन करा. जितकं नायलॉन घातलं होतं जवळपास तितकं वजन घटलं तर ते सलग आहे, थोडंच घटलं तर थेंब पीपीत अडकलेत. तुमच्या ८०-२० च्या पीसवरच आधी करा आणि किती घटलं ते इथं टाका, माझा अंदाज चुकला असला तर पोस्टमध्ये तेही लिहितो.