घरबसल्या नोकरी घालवा (दुसऱ्याची)

'घरबसल्या महिना पंचवीस हजार कमवा' असे कागद लोकलच्या डब्यात चिकटवलेले तुम्ही पाहिले असतील. त्या धंद्यात आधी डिपॉझिट भरावं लागतं आणि मग डिपॉझिट घेणारा सापडत नाही. मी सांगतोय त्या उद्योगाला भांडवल लागत नाही. जेवणानंतर सोफ्यावर लोळण्यात जो तास जातो तेवढा पुरतो. इंटरनेटवर कोणीतरी एक भिकार विनोद केलेला असतो. तो शोधायचा, त्यावर यथेच्छ संतापायचं आणि संध्याकाळच्या चहापर्यंत त्या माणसाची नोकरी खायची. पैसे मिळत नाहीत हे खरं, पण आपण समाजासाठी काहीतरी केलं या समाधानात झोप मस्त लागते.

विनोद खरंच वाईट असला पाहिजे का? असला तर उत्तम, आणि बहुतेक वेळा असतोच. लोक फोनवर जे टाइप करतात ते चारचौघांत तोंडाने म्हणाले तर समोरचा माणूस चहा अर्धा टाकून उठून जाईल. पण किती वाईट, कोणावर, कोणत्या हेतूने, असल्या चौकशीत पडू नका. त्यात वेळ जातो आणि राग उतरतो. बघायचं ते एवढंच की विनोद करणारा पुरेसा लहान आहे ना.

या विद्येतला आदर्श प्रयोग २० डिसेंबर २०१३ ला झाला. न्यूयॉर्कच्या एका बड्या इंटरनेट कंपनीत जनसंपर्काचं काम बघणारी एक बाई सुट्टीसाठी दक्षिण आफ्रिकेला निघाली होती. लंडनच्या हीथ्रो विमानतळावर पुढच्या विमानाची वाट बघताना तिने ट्विट टाकलं: आफ्रिकेला चाललेय, एड्स झाला नाही म्हणजे मिळवली, गंमत केली हं, मी गोरी आहे! तिचे फॉलोअर १७०. कोणी हसलं नाही, कोणी उत्तर दिलं नाही. विनोद पडला, एवढंच झालं होतं. ती केपटाऊनच्या विमानात बसली आणि अकरा तासांसाठी फोन बंद झाला.

दरम्यान ते ट्विट एका पत्रकाराच्या हाती लागलं, त्याने ते आपल्या हजारो वाचकांपुढे ठेवलं आणि जत्रा भरली. 'ती उतरली का?' या अर्थाचा हॅशटॅग जगभर पहिल्या नंबरावर गेला. तिला कळायच्या आधी तिची नोकरी जाताना आपल्याला बघायला मिळणार, या कल्पनेनेच लोकांना गुदगुल्या होत होत्या. कंपनीने निवेदन काढलं की विधान संतापजनक आहे, पण संबंधित कर्मचारी विमानात असल्याने संपर्क होत नाही. एक गृहस्थ तर कॅमेरा घेऊन केपटाऊनच्या विमानतळावर हजर झाले आणि काळा चष्मा लावून बाहेर पडणाऱ्या बाईचा फोटो काढून त्यांनी तो जगाला दाखवला. विमानतळावर लोक पाहुण्यांना घ्यायला जातात. हे पाहुणीची नोकरी गेली का ते बघायला गेले होते. केवढी ही निष्ठा! नोकरी अर्थातच गेली.

आपण गोऱ्या अमेरिकनांच्या बेफिकिरीचीच टिंगल करत होतो, असं तिने नंतर सांगितलं. असेलही. उपरोध करायचा तर समोरच्याला आपण कोण आहोत ते माहीत असावं लागतं, आणि त्या १७० जणांपलीकडे तिला कोणी ओळखत नव्हतं. पण तुम्ही या खोलात शिरू नका. उपरोध कळणं हा या कामातला सर्वांत मोठा अडथळा आहे. (ज्या पत्रकाराने ही जत्रा भरवली, त्याच्यावर वर्षभरात स्वतःच्याच एका टवाळ ट्विटमुळे तीच वेळ आली आणि मग त्याने त्या बाईची जाहीर माफी मागितली. असली मऊ माणसं या क्षेत्रात टिकत नाहीत.)

आता हत्यार. स्क्रीनशॉट नुसता काढून चालत नाही, तो कापता आला पाहिजे. वरून कापताना आधीचा मेसेज जातो ना बघा, कारण बहुधा तिथेच कोणीतरी प्रश्न विचारलेला असतो आणि हा विनोद त्याचं उत्तर असतो. खालून कापताना हसण्याच्या इमोजी उडवा. सर्वांत महत्त्वाचं म्हणजे तारीख. तारीख दिसली की कोणीतरी शहाणा विचारणारच, 'अहो, पण हे नऊ वर्षांपूर्वीचं आहे ना?' आणि हातचं सावज जातं. मात्र वरच्या पट्टीत तुमच्या फोनची बॅटरी नऊ टक्के दिसत असेल तर ती राहू द्या. त्याने प्रकरणाला निकड येते.

मग मालक शोधायचा. लिंक्डइनवर सापडतोच, नाहीतर ऑफिसच्या पिकनिकच्या फोटोत गळ्यातल्या पट्ट्यावर कंपनीचं नाव असतं. पोस्टमध्ये कंपनीला टॅग करा आणि निरागसपणे विचारा, 'हीच का तुमची मूल्यं?' कंपनीला मूल्यं असतात हे तिच्या कर्मचाऱ्यांना पगारवाढीच्या दिवसांतसुद्धा जाणवलेलं नसतं, पण टॅग झाल्यावर तासाभरात ती प्रकट होतात. एका कर्मचाऱ्याला काढणं ही जाहिरातीपेक्षा स्वस्त गोष्ट आहे, हे एचआरला तुमच्याआधीच कळलेलं असतं.

या मूल्यांचा हिशेब कसा असतो ते अमेरिकेतल्या ॲफ्लॅक या विमा कंपनीकडून शिकावं. तिच्या जाहिरातींत एक बदक आहे. त्याला अनेक वर्षं गिल्बर्ट गॉटफ्रीड या विनोदी नटाचा किरटा आवाज होता. हा माणूस स्टेजवर काय प्रतीचं बोलतो हे अख्ख्या अमेरिकेला ठाऊक होतं आणि बदकाला त्याची कधी अडचण झाली नाही. मार्च २०११ मध्ये जपानमध्ये त्सुनामी आली, त्याने ट्विटरवर तिच्यावर एकामागून एक विनोद केले आणि कंपनीने त्याला काढलं. विनोद गलिच्छ होते, त्यात वाद नाही. हजारो माणसं वाहून गेली होती. पण कंपनीचं सुमारे तीन चतुर्थांश उत्पन्न जपानमधून येत होतं, हेही त्याच बातम्यांत छापून आलं. तेव्हा टॅग करण्याआधी कंपनीचा माल कुठे खपतो ते बघून घ्या. दुखावलेला माणूस गिऱ्हाईक असला की मूल्यं फार लवकर जागी होतात.

मार्च २०१३ मध्ये कॅलिफोर्नियात प्रोग्रामर मंडळींच्या एका संमेलनात तर एकावर एक फ्री अशी योजना लागली होती. एक तरुण शेजारच्या मित्राच्या कानाशी काहीतरी चावट पुटपुटला. पुढच्या रांगेतल्या बाईने ते ऐकलं, मागे वळून त्यांचा फोटो काढला आणि ट्विटरवर टाकला. तरुणाला तीन मुलं होती. त्याची नोकरी गेली. मग त्याच्या कैवाऱ्यांची झुंड त्या बाईवर उलटली. तिला धमक्या आल्या, तिच्या कंपनीच्या वेबसाइटवर हल्ले झाले आणि कंपनीने हल्ला करणाऱ्यांना धडा शिकवायच्या ऐवजी त्या बाईलाच काढलं. एका कुजबुजीत दोन नोकऱ्या! इतकं उत्पादन दुसऱ्या कोणत्या घरगुती उद्योगात मिळतं?

मोठ्या माशांच्या मागे मात्र लागू नका. मेहनत जास्त, टिकाऊपणा शून्य. दिग्दर्शक जेम्स गन यांनी २००८ ते २०१२ च्या सुमारास टाकलेली अत्यंत घाणेरडी ट्विट्स विरोधकांनी खणून काढली आणि जुलै २०१८ मध्ये डिस्नेने त्यांना तडकाफडकी काढलं. पेढे वाटून होईपर्यंत प्रतिस्पर्धी कंपनीने त्यांना काम दिलं, मार्च २०१९ मध्ये डिस्नेनेही परत बोलावलं आणि २०२२ मध्ये त्या प्रतिस्पर्ध्याने त्यांना आपल्या सुपरहिरो विभागाच्या सहप्रमुखपदावर बसवलं. उलट जानेवारी २०१० मध्ये इंग्लंडमधला एक साधा तरुण बघा. बर्फामुळे विमानतळ बंद पडला, मैत्रिणीला भेटायला जाणं अडलं, म्हणून त्याने वैतागून ट्विट केलं की आठवड्याभरात नीट करा, नाहीतर विमानतळ उडवून देईन. विमानतळाच्या सुरक्षावाल्यांनासुद्धा ही धमकी खरी वाटली नव्हती. तरी अटक झाली, ३८५ पौंड दंड आणि वर खर्च झाला, नोकरी गेली. जुलै २०१२ मध्ये उच्च न्यायालयाने शिक्षा रद्द केली. नोकरी काही न्यायालय परत देत नाही.

आपल्याकडे एचआर वगैरे भानगडीत फारसं पडावं लागत नाही. आपल्याला पोलीस ठाणं आहे आणि ते जमलं नाही तर दगड आहेत. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे गेल्यानंतरच्या बंदबद्दल पालघरच्या एका मुलीने फेसबुकवर चार ओळी लिहिल्या. त्यात विनोदही नव्हता. तिच्या मैत्रिणीने त्या ओळींना लाइक केलं. दोघींना अटक झाली आणि मुलीच्या काकांच्या दवाखान्याची मोडतोड झाली. काकांनी लाइकसुद्धा केलं नव्हतं. ज्या कलमाखाली हे सगळं झालं ते माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ ला रद्द केलं. तरी पोलीस त्याखाली गुन्हे नोंदवतच राहिले आणि २०२१ मध्ये न्यायालयाला धक्का बसला. ममता बॅनर्जींवरचं एक व्यंगचित्र ईमेलने पुढे पाठवलं म्हणून एप्रिल २०१२ मध्ये अटक झालेले जादवपूर विद्यापीठाचे प्राध्यापक खटल्यातून सुटले जानेवारी २०२३ मध्ये. दशकभराहून जास्त चालणारा विनोद दुसऱ्या कुठल्या भाषेत आहे मला दाखवा.

या बाबतीत महाराष्ट्रात पक्षभेद नाही, हेही अभिमानाने नमूद करायला हवं. मे २०२२ मध्ये शरद पवारांवरची, दुसऱ्याच्या नावाने फिरणारी कविता फेसबुकवर टाकली म्हणून अभिनेत्री केतकी चितळे महिनाभराहून अधिक काळ तुरुंगात होत्या. तेव्हा सरकार एकांचं होतं. मार्च २०२५ मध्ये स्टँडअप कॉमेडियन कुणाल कामराने उपमुख्यमंत्र्यांवर विडंबनगीत म्हटलं आणि ते जिथे म्हटलं तो खारचा स्टुडिओ फोडला गेला तेव्हा सरकार दुसऱ्यांचं होतं. फोडाफोडीच्या वेळी कामरा तिथे नव्हता. खुर्च्या होत्या, त्यांनी विनोद ऐकला होता. दुसऱ्या दिवशी महापालिकेची माणसं हातोडे घेऊन आली, कारण त्या जागेतलं बांधकाम बेकायदा असल्याचा साक्षात्कार नेमका त्याच सकाळी झाला होता.

दुबईतल्या मंडळींना वेगळी सूचना. डोंबिवलीच्या ग्रुपवर ज्या फॉरवर्डला चार अंगठे आणि दोन नमस्कार मिळतात, त्याच फॉरवर्डला तिथे परतीचं तिकीट मिळू शकतं. एप्रिल २०२०, करोनाचे दिवस. अमिरातीतल्या काही भारतीयांनी मुसलमानांना हिणवणाऱ्या पोस्ट टाकल्या, त्यांचे स्क्रीनशॉट फिरले आणि नोकऱ्या गेल्या. शेवटी आपल्या राजदूतांना ट्विट करून सांगावं लागलं की भेदभाव कायद्यात बसत नाही. इथे मात्र माझी सल्लागारी जरा अडखळते. त्यातल्या पुष्कळ पोस्टमध्ये विनोद शोधूनही सापडत नव्हता, नुसती गरळ होती. आणि ज्यांना आयुष्यभर ती गरळ 'मस्करी' म्हणून गिळायला लावली, त्यांच्या हाती पहिल्यांदाच एखादं बटण आलं असेल तर त्यांना उपदेश करणारा मी कोण? पण बटण सगळ्यांच्याच हाती आलं आहे, आणि गरळ कुठली नि मूर्खपणा कुठला हे त्या बटणाला कळत नाही.

असो. कामाला लागण्यापूर्वी स्वतःचा फोन साफ करा. शाळेच्या बॅचचा ग्रुप, सोसायटीचा ग्रुप, 'फक्त पुरुष' नावाचा तो तिसरा ग्रुप. बायकोवरचे, कामवाल्या बाईवरचे, आडनावावरून केलेले, सगळे. सरदारजींवरचे विनोद विशेष काळजीने काढा. ते थांबवावेत म्हणून २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका गेली होती. असे नियम आम्ही घालून देऊ शकत नाही, असं न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितलं. पण न्यायालयाने हात झटकले म्हणून सोसायटीचे सेक्रेटरी झटकतीलच असं नाही. तुमच्या प्रत्येक विनोदाची एक प्रत त्यांच्या फोनमध्ये आहे, आणि पार्किंगचा वाद अजून मिटलेला नाही.

सावजाने माफी मागितली तर स्वीकारू नका. लगेच मागितली तर घाबरून मागितली, उशिरा मागितली तर मनापासून नाही, लांबलचक असेल तर सबबी आणि दोन ओळींची असेल तर मग्रुरी. रडतानाचा व्हिडिओ टाकला तर रडण्याच्या दर्जावर बोला.

आणि उद्या तुमच्यावरच पाळी आली तर? माफीचं काय होतं ते तुम्हाला माहीतच आहे, तेव्हा थेट दुसऱ्यावर ढकला. फक्त औषधावर नको. मे २०१८ मध्ये रोझॅन बार या अमेरिकन नटीने ओबामांच्या एका माजी कृष्णवर्णीय सल्लागार बाईंवर वर्णद्वेषी ट्विट केलं, काही तासांत तिची मालिका बंद झाली, तेव्हा झोपेच्या गोळीच्या अमलाखाली लिहिलं असं तिने सांगून पाहिलं. गोळी बनवणाऱ्या सनोफी कंपनीने उत्तर दिलं की आमच्या औषधांचे दुष्परिणाम असतात, पण वर्णद्वेष हा त्यांतला ज्ञात दुष्परिणाम नाही. आपल्याकडे 'अकाउंट हॅक झालं होतं' हे अजून चालतं. तेही चालेनासं झालं तर फोन पुतण्याच्या हातात होता म्हणावं. पुतण्या अजून कुठे नोकरीला लागलेला नाही, एवढी मात्र आधी खात्री करून घ्या.