ताशी 32 किलोमीटरची शर्यत

"मामी, ताशी बत्तीस? एवढ्या स्पीडने तर आमचा वॉचमन सायकल मारतो!"

आमच्या टीएसडी रॅलीत ताशी 32 ची सरासरी राखायची असते हे ऐकल्यावरचं हे नणंदेच्या चिरंजीवांचं मत. मित्राच्या गाडीत बसून ताम्हिणी 'खेचून' आल्यापासून त्याला मोटरस्पोर्टमधलं सगळं कळतं. त्याच्यासाठी आणि त्याच्यासारख्या समस्त मंडळींसाठी ही पोस्ट. लांब आहे, आधीच सांगते.

भाजी आणणारी, मुलांना क्लासला सोडणारी, ऑफिसच्या पार्किंगमध्ये उन्हात तापणारी गाडी घेऊनच मोटरस्पोर्ट करायचं असेल, तर आपल्याकडे टीएसडी रॅलीसारखा दुसरा प्रकार नाही. टाइम, स्पीड, डिस्टन्स. सकाळी स्टार्टला हातात रोडबुक मिळतं. त्यात चित्रं असतात, एक ठिपका आणि एक बाण: इतक्या किलोमीटरवर डावीकडे, इतक्यावर देवळाच्या मागून कच्चा रस्ता. आणि प्रत्येक टप्प्याला ठरवून दिलेली सरासरी. 8.4 किलोमीटर, सरासरी 32. म्हणजे 15 मिनिटं 45 सेकंद. वाटेत कुठेतरी वळणाच्या आड, झाडाखाली, घड्याळ घेऊन मार्शल, म्हणजे आयोजकांचा वेळ टिपणारा माणूस, बसलेला असतो. कुठे ते कोणालाच सांगत नाहीत. उशिरा पोचलात तर सेकंदागणिक दंड, आणि लवकर पोचलात तर बऱ्याच रॅलींमध्ये त्याच्या दुप्पट. बरं, मार्शल दिसला म्हणून अलीकडे थांबून वेळ काढू म्हणाल तर तेही चालत नाही.

सोपं वाटतंय ना? आता गाडीकडे या.

आमची वॅगनार आहे. 13 इंची रिम, टायरसकट चाकाचा व्यास साधारण 57 सेंटिमीटर. ओडोमीटर अंतर मोजत नाही, चाकाचे फेरे मोजतो आणि चाक नव्यासारखं आहे असं गृहीत धरतो. टायरची नक्षी 5 मिलिमीटर झिजली की व्यास 1 सेंटिमीटरनं कमी होतो, म्हणजे जवळजवळ पावणेदोन टक्के. एरवी याचं कोणाला काय पडलंय! पण त्या 8.4 किलोमीटरच्या टप्प्यात हेच जवळपास 150 मीटर होतात. मीटरवर 8.4 दिसतात आणि गाडी प्रत्यक्षात दीडशे मीटर मागे असते. ताशी 32 नं ते सोळा-सतरा सेकंद. बक्षीस मिळणं आणि नुसतं सर्टिफिकेट घेऊन घरी येणं, यातला फरक पुष्कळदा एवढाच असतो. म्हणून सुरुवातीला मोजून दिलेल्या अंतरावर गाडी चालवून आपलं मीटर रोडबुकशी ताडून घ्यायचं, त्याचा गुणक काढायचा आणि दिवसभर प्रत्येक आकड्याला तो लावायचा. त्या दिवशी हवासुद्धा नेहमीच्या प्रेशरलाच भरायची. सहा-सहा वर्षं एकच गाडी चालवणाऱ्या किती जणांना ठाऊक असतं की आपलं मीटर किती खोटं बोलतं?

हे सगळं करते नेव्हिगेटर. आमच्याकडे नेव्हिगेटर म्हणजे नणंदबाई, वरच्या चिरंजीवांच्या मातोश्री. मांडीवर पॅड, त्यावर रोडबुक, हातात दहा रुपयांचं पेन आणि साधा कॅल्क्युलेटर. "वहिनी, सात सेकंद पुढे आहोत. पाय काढ." काढला. "अगं एवढा नाही!" घरात कोणाचं कोण ऐकतं हा प्रश्न वेगळा, गाडीत ड्रायव्हरनं नेव्हिगेटरचं ऐकायचं. नवरा-बायकोच्या जोड्यांमध्ये हे जमत नाही असं माझं निरीक्षण आहे. (दोघं एकमेकांशी न बोलता जेवत असलेली जोडी लंचला हमखास दिसते.)

आणि रस्ता काही आपल्यासाठी मोकळा ठेवलेला नसतो. तीच एसटी, तोच आठवडी बाजार, उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर. भोरच्या पुढे एकदा शेळ्यांचा कळप आडवा आला आणि मेंढका अगदी निवांत. गेली चाळीस सेकंदं. आता चिरंजीव काय करतील? गिअर पाडून ऐंशी. आम्ही काय केलं? नणंदबाईंनी हिशोब मांडला: पुढच्या तीन किलोमीटरमध्ये चाळीस सेकंद भरून काढायचे तर सरासरी 36 लागते. फक्त चारनं जास्त! साठनं गेलो असतो तर त्याच तीन किलोमीटरनंतर जवळजवळ दोन मिनिटं लवकर पोचलो असतो आणि दुप्पट दंडात गेलो असतो. हा हिशोब एकदा स्वतः करून पाहिला की रोजच्या रस्त्यावर जिवावर उदार होऊन ओव्हरटेक करणाऱ्यांची कीव यायला लागते. वीस किलोमीटरचा रस्ता सत्तरऐवजी ऐंशीनं गेलात तर वाचतात दोन मिनिटं आणि आठ सेकंद. तेवढा वेळ टोलनाक्यावर सुट्टे शोधण्यातही जायचा.

घाटात तर 27 ची सरासरी राखतानाही घाम फुटतो. हेअरपिनच्या वळणाला गाडी पंधरावर येते, मग सरळ तुकड्यात ते भरून काढायचं. ब्रेक उशिरा मारला तर नुकसान, लवकर मारला तरी नुकसान. आपल्या गाडीचा दुसरा गिअर कुठपर्यंत ओढतो, भरल्या गाडीनं चढाला किती दम लागतो, एसी बंद केला की किती फरक पडतो, हे मला रॅलीत कळलं. ऑफिसला जाता-येता जन्मात कळलं नसतं. आणि ते ज्ञान गाडीबरोबर घरी येतं, कारण सोमवारी तीच गाडी घेऊन कामाला जायचंय. वेगळी 'रॅलीची गाडी' बाळगणाऱ्यांचं हे सुख हुकतं असं मला मनापासून वाटतं.

'हे खरं मोटरस्पोर्ट नाही' म्हणणाऱ्यांसाठी थोडा इतिहास. 1911 साली पहिली मोंटे कार्लो रॅली झाली. युरोपातल्या वेगवेगळ्या शहरांतून निघून मोनॅकोला पोचायचं होतं, आणि निकालात गाडीचा थाट आणि प्रवाशांची सोय यांचाही विचार झाला होता. वाळवंटातल्या प्रसिद्ध डकार रॅलीत 2021 पासून जुन्या गाड्यांसाठी डकार क्लासिक आहे. तीही नेमून दिलेली सरासरी राखण्याचीच स्पर्धा. आपल्या पुण्याचे संजय टकले 2025 मध्ये तिथे उतरले होते. आणि मुंबईची वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन, जी 1919 पासून आहे, ती खास बायकांसाठी रॅली भरवते. तीसुद्धा टीएसडीच. घरच्या गाड्या घेऊन, नटूनथटून येतात बायका. हसायचं कारण नाही, त्यातल्या कित्येक जणी सेकंदाला पक्क्या असतात.

घाटात रेस लावणाऱ्यांनी कायदाही वाचून ठेवावा. मोटार वाहन कायद्याचं कलम 189: राज्य सरकारच्या लेखी परवानगीशिवाय सार्वजनिक जागी शर्यत लावली तर 2019 च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पुन्हा सापडलात तर वर्षभरापर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आता कोणी म्हणेल, टीएसडीही रस्त्यावरच होते. होते, म्हणूनच सरासरी वेगमर्यादेच्या आत ठेवलेली असते, आणि म्हणूनच आयोजकांनी परवानग्या घेतल्यात का हे विचारायला लाजू नका. व्हॉट्सअॅप ग्रुपवर 'रविवारी सहा वाजता चांदणी चौक' असा मेसेज येतो त्याला रॅली म्हणत नाहीत.

एक गोष्ट मात्र कोणी आपण होऊन सांगत नाही. तुमच्या विम्याची पॉलिसी काढा आणि गाडीच्या वापराच्या मर्यादा जिथे बारीक अक्षरात छापल्यात तो परिच्छेद वाचा. भाड्यानं देणं वगैरेच्या यादीतच ऑर्गनाइझ्ड रेसिंग, पेस मेकिंग, स्पीड टेस्टिंग आणि रिलायबिलिटी ट्रायल्स (गाडीच्या भरवशाच्या चाचण्या) वगळलेल्या असतात. टीएसडी यातल्या कशात बसते? मी फोन करून विचारलं तर तीन जणांनी तीन उत्तरं दिली. म्हणून सांगते, विमा कंपनीला ईमेल टाकून लेखी उत्तर घ्या. रोजची गाडी आहे, हप्ते चालू आहेत, बंपर फुटला तर खर्च घरच्या बजेटमधूनच जाणार.

आता खरी तक्रार. अलीकडे या खेळात मोबाइल अॅप आणि अंतर अचूक मोजणारे महागडे ट्रिपमीटर घुसलेत. चाकाला सेन्सर, डॅशबोर्डवर स्क्रीन, आणि स्क्रीन सतत सांगते: दोन सेकंद मागे, एक सेकंद पुढे. मग नेव्हिगेटरनं करायचं काय, शेंगदाणे सोलायचे? मला यंत्रांचा राग नाही. ज्यांना हवीत त्यांनी त्यांच्या गटात खुशाल लावावीत. पण कंपनीतून आली तशी गाडी, तिचंच मीटर, घड्याळ, कागद आणि कॅल्क्युलेटर एवढ्यावर खेळणाऱ्यांचा वेगळा गट हवा, आणि त्याचं बक्षीस मोठ्या गटाइतकंच हवं. काही आयोजक नवख्यांसाठी गट ठेवतात, पण नवखे आणि विनायंत्रवाले एक नव्हेत. नणंदबाईंना 'नवख्या' म्हणून बघा एकदा!

पावसाळा संपला की रॅलींचे फॉर्म निघतील. ओळखीत कोणी आयोजक असेल तर त्यांना खाली टॅग करा. या गटाबद्दल मला त्यांच्याशी बोलायचंय.