‘एक बागायतदार’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. क्रियाशील ऑक्सिजन, म्हणजे चटकन रासायनिक क्रिया करणारी ऑक्सिजनची रूपे, पानात नुसते विष नसून निरोप्याचे कामही करतात, असे मी एका लेखात लिहिले होते. त्याखाली आपण लिहिले आहे: “विषाला निरोप्या म्हणणे हा शाळाबाईचा कल्पनाविलास. ऑक्सिजन पान जाळतो, एवढेच खरे. क्षणात विरणारा रेणू या पानाचा निरोप त्या पानाला कसा नेणार? सिंगलेट ऑक्सिजनच्या आयुष्याचा आकडाही चुकला आहे. आणि शेतकऱ्याला याचा उपयोग काय?”

आकड्याचे आधी. मी ‘मिलिसेकंद’ लिहिले होते. सिंगलेट ऑक्सिजन, म्हणजे जास्तीची ऊर्जा मिळून उत्तेजित झालेला ऑक्सिजन, पाण्यात साधारण ४ मायक्रोसेकंदच टिकतो. चूक माझी, मान्य.

आता ‘शाळाबाई’. होय, आहे. फोंड्यात २२ वर्षे अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते आहे. हा शब्द आपण शिवीसारखा का वापरलात ते मला कळले नाही. मुद्दा खोडायचा तर मुद्द्याने खोडावा, समोरच्याचा पेशा कशाला काढायचा? तोही स्वतःचे नाव न देता! बागायतदार म्हणून सही केली की पानावर आपला हक्क जास्त, असे होत नाही. माझे माहेर सावईवेऱ्याचे. पश्चिमेचा आडोसा तुटला की पोफळीच्या खोडावर ऊन उतरते आणि साल करपते, म्हणून चैतात खोडांना चुडते (झावळ्या) बांधणाऱ्या बाबांच्या हाताखाली मी वाढले. जळणे मला पुस्तकातून कळलेले नाही.

पण ‘एवढेच खरे’ हे मात्र खरे नाही. अराबिडॉप्सिस या लहानशा झाडाचा ‘फ्लू’ नावाचा उत्परिवर्तित, म्हणजे जनुकात बदल झालेला, प्रकार आहे. अंधारात त्याच्यात हरितद्रव्याचा एक पूर्वघटक साठत जातो. मग उजेडात आणले की हरितलवकात सिंगलेट ऑक्सिजन उसळतो, रोपाची वाढ थांबते, कोवळी रोपे मरतात. आपल्या हिशेबाने ती जळाली. झुरिचच्या क्लाउस आपेल यांच्या गटाने २००४ साली दाखवले, की याच रोपातले ‘एक्झिक्युटर-१’ हे एकच जनुक निकामी केले तर सिंगलेट ऑक्सिजन तेवढाच तयार होतो, पण रोप मरत नाही. विष तेवढेच, मग मरण का टळले? कारण ते मरण जाळण्याने येतच नव्हते, रोपाने निरोप ऐकून स्वतः घेतलेला तो निर्णय होता. उजेड फार तीव्र केला तर नुसते जळणेही होते. मूळ लेखात ते मी लिहिले होते. आपण तिथपर्यंत वाचले नसावे.

क्षणात विरणाऱ्या रेणूबद्दल. एकच रेणू पानभर धावतो, असे मी कुठे म्हटले? पाटाला पाणी सोडले की आमच्याकडे वरच्या कुळागरातून (पोफळीच्या बागेतून) खालच्याला हाक जायची, तो त्याच्या खालच्याला हाक द्यायचा. पहिल्याचा आवाज शेवटपर्यंत पोचत नसे, तरी पाणी येते आहे हे शेवटच्याला कळे. पेशीही हेच करतात. शेजारणीची चाहूल लागताच प्रत्येक पेशी आपल्या पटलावरच्या आरबीओएचडी या विकराने ताजा क्रियाशील ऑक्सिजन बनवते आणि पुढचीला जागे करते. २००९ मध्ये या लाटेचा वेग मिनिटाला ८.४ सेंटिमीटरपर्यंत मोजला गेला. रेणू विरला तरी हाक पुढे जाते, हे आपल्याला इतके अवघड का वाटावे?

आणि एक आठवण. सावलीतले रोप एकदम उन्हात लावले तर करपते. तेच रोप आठवडाभर रोज थोडे थोडे उन्हात काढून मग लावले तर तगते. बाबा हे दरवर्षी करत. ऊन तेच, ऑक्सिजन तोच. त्या आठवड्यात पानाने काही ऐकले नसेल, तर ते बदलले कशाने?

‘उपयोग काय’ यावर मी वाद घालणार नाही. लेख फवारणीच्या सल्ल्याचा नव्हता.

मायक्रोसेकंदांची दुरुस्ती मूळ लेखात आज रात्री करते. पुढची प्रतिक्रिया नाव लिहून द्यावी.