‘स्पष्टवक्ता’ यांना उत्तर: ल्युटेशियमला ‘विष’ म्हणण्याआधी

स्पष्टवक्ता,

न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर (संप्रेरकं सोडणाऱ्या पेशींच्या गाठी) आणि त्यांच्यावर शिरेतून दिलं जाणारं किरणोत्सारी ल्युटेशियम यांवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत: ‘सगळं गुलाबी चित्र. याने आयुष्य वाढतं हे सिद्ध झालेलं नाही, किडनीचं काय होतं ते सांगत नाही. शेवटी शिरेतून विषच सोडायचं आणि त्याला संशोधन म्हणायचं.’

आधी माझी चूक. स्कॅनसाठी वापरतात त्या गॅलियम-६८चं अर्धायुष्य (किरणोत्सार निम्मा व्हायला लागणारा वेळ) मी ‘तासभर’ लिहिलं होतं, ते ६८ मिनिटं आहे. दुरुस्त केलं.

आता ‘विष’. हा शब्द टाइप करताना तुम्हाला काहीच वाटलं नाही? मी अठरा वर्षं हॉट लॅबमध्ये, म्हणजे किरणोत्सारी औषधं बनवायच्या प्रयोगशाळेत, काढली आहेत. ट्रॉम्बेच्या ‘ध्रुव’ अणुभट्टीतून आलेलं ल्युटेशियम-१७७ त्याला गाठीपर्यंत नेणाऱ्या डोटाटेट या रेणूच्या कुपीत घालायचं, शिशाच्या काचेआड नव्वद अंशांवर अर्धा तास तापवायचं, मग एक थेंब क्रोमॅटोग्राफीच्या पट्टीवर ठेवून बघायचं, डोटाटेटला न जोडलेलं सुटं ल्युटेशियम उरलंय का. कारण सुटं राहिलं तर ते हाडांत जाऊन बसतं. पट्टी मनासारखी आली नाही की डोस रद्द, बाहेर पेशंट उपाशीपोटी ताटकळत असला तरी. विष सोडणारी माणसं अशी वागतात का हो?

या गाठींच्या पेशींवर सोमॅटोस्टॅटिन या संप्रेरकाला पकडणारे रिसेप्टर दाटीवाटीने असतात. डोटाटेटमधला आठ अमिनो आम्लांचा पेप्टाइड तिथेच जाऊन चिकटतो. त्याला गॅलियम जोडलं की पेट स्कॅनमध्ये गाठ उजळते. त्यालाच ल्युटेशियम जोडलं की बीटा कण गाठीवर मारा करतात, आणि तेही फार तर दोन मिलिमीटरपर्यंत. स्कॅनमध्ये गाठ उजळलीच नाही तर ल्युटेशियम द्यायचंच नाही. आधी बघायचं, मगच द्यायचं. लेखात हे सगळं होतं. तुम्ही तिथपर्यंत वाचलं होतंत का?

आणि माझी आत्या, हाच आजार झालेली. तोंड एकाएकी लालबुंद व्हायचं, दिवसाला दहा-दहा वेळा जुलाब. ‘पाळी जाण्याचं वय आहे’ असं एक डॉक्टर तीन वर्षं सांगत राहिले. निदान झालं तेव्हा आजार लिव्हरभर पसरला होता. ल्युटेशियमचे चार डोस झाले, दर आठ आठवड्यांनी एक. तिसऱ्यानंतर ती एका लग्नाला गेली आणि हॉलवर पोचल्यावर पहिल्यांदाच ‘बाथरूम कुठे आहे’ असं न विचारता पंगतीत बसली. तिच्यासमोर बसून हा शब्द म्हणून दाखवा.

राहिलं किडनीचं. ती जपायला सोबत लायसिन-आर्जिनिनचं सलाइन चढवतात, रक्त तपासत राहतात. आयुष्य वाढण्याबद्दल म्हणाल तर नेटर-१ या ल्युटेशियमच्या चाचणीच्या अंतिम निकालात ल्युटेशियम दिलेल्या गटाचे ४८, तर दुसऱ्या गटाचे ३६.३ महिने आले. हा फरक संख्याशास्त्राच्या निकषावर उतरला नाही हे खरं, पण दुसऱ्या गटातल्या ३६ टक्के रुग्णांनाही पुढे रेडिओलिगँड, म्हणजे याच धर्तीचे किरणोत्सारी, उपचार मिळाले होते. वीस महिन्यांनी आजार न वाढता राहिलेले किती? ६५.२ टक्के विरुद्ध १०.८ टक्के. यावर आणखी घोळ घालायची माझी इच्छा नाही.

पुढची प्रतिक्रिया स्वतःच्या नावाने लिहा. ‘विष’ हा शब्द त्यात असेल तर मी ती छापणार नाही.