अंड्याची मर्यादा उठली, गोळीची गरज संपली नाही

तळावपाळीला सकाळी फिरणाऱ्या आमच्या ग्रुपवर परवापासून एक मेसेज फिरतोय: ‘कोलेस्टेरॉल जीन्सवर ठरतं, खाण्याचा संबंध नाही. अमेरिकेनेही २०१५ मध्ये मर्यादा उठवली. गोळ्या बंद करा.’ खाली हात जोडलेले तीन इमोजी. नौपाड्यातल्या एका काकांनी कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांची स्ट्रिप खरोखरच कपाटात टाकली, म्हणून लिहायला बसलो.

अर्धं खरं आहे, तीच पंचाईत. तिथल्या आहार-मार्गदर्शिकेतून रोजच्या ३०० मिलिग्रॅम कोलेस्टेरॉलचा आकडा गेला, हे बरोबर. (एका अंड्यात साधारण २०० असतं.) पण संपृक्त चरबी (सॅच्युरेटेड फॅट) एकूण कॅलरींच्या दहा टक्क्यांच्या आत ठेवा, ही अट तशीच राहिली. मेसेजवाल्याने नेमकी तीच गाळली!

आपल्या शरीरातलं बरंचसं कोलेस्टेरॉल शरीरच बनवतं. रक्तातलं एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, ओढून घ्यायला यकृताच्या पेशींवर रिसेप्टर, म्हणजे जणू दारं, असतात. ब्राऊन आणि गोल्डस्टीन यांना १९८५ चं नोबेल याच कामासाठी मिळालं. साधारण अडीचशेत एकाला या यंत्रणेतला दोष जन्मतःच असतो. त्यांचं एलडीएल नुसत्या पथ्याने पुरेसं उतरत नाही, म्हणजे गोळीची सर्वांत जास्त गरज त्यांनाच. आणि तूप, लोणी, पामतेलात तळलेला वडा यांतली संपृक्त चरबी याच रिसेप्टरांचं काम मंदावते. जीन्स आणि ताट, दोन्हींचा मार एकाच दारावर.

काका, स्ट्रिप बाहेर काढा. बंद करायचीच असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, ग्रुपला नको.