डेर, डी, डास आणि तुमचं भवितव्य

बारावीला मार्क बरे पडलेत आणि परकी भाषा घेऊन बीए करावं असं मनात येतंय? आधी गार पाणी प्या. पुण्यात फर्ग्युसन रस्त्यावर रानडे इन्स्टिट्यूट आहे, तिथेच विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग. त्या फाटकातून आत जाऊ नका. बाहेर चहा घ्या आणि घरी या.

सर्टिफिकेटापुरता क्लास खुशाल लावा. 2024 साली राज्य सरकारने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्गशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, तेव्हापासून जर्मन शिकणं मुंजीइतकंच मंगल झालंय. धोका आहे तो चार वर्षं बसून, समजून शिकण्यात.

जर्मनमध्ये टेबल पुल्लिंगी म्हणून 'डेर', दार स्त्रीलिंगी म्हणून 'डी' आणि मुलगी चक्क नपुंसकलिंगी, 'डास'. वर्ग हसतो, तुम्हीही हसाल. मग घरी आई ओरडेल, "ते कार्टं कुठं उलथलंय?" कार्टं म्हणजे तुमची धाकटी बहीण. संपलं! आपला पंखा 'तो', खुर्ची 'ती' आणि टेबल 'ते' का, या विचाराने त्या रात्री झोप लागणार नाही. जर्मन लोक पंचविसाला 'पाच-नि-वीस' म्हणतात हे कळल्यावर पंचवीस हा शब्दही सुखाने उच्चारता येत नाही.

फ्रेंच तर घेऊच नका. तिथे नव्व्याण्णव म्हणजे 'चार-वीस-दहा-नऊ'. "काय येडे लोक!" म्हणायला तोंड उघडाल आणि चार विसा आंबे मोजून ठेवणारी आजी आठवेल. जिला जन्मभर अडाणी समजलात, ती पॅरिसच्या पद्धतीने हिशेब करत होती. आता तिची माफी कुठे मागणार?

जपानी बरी वाटते. क्रियापद आपल्यासारखंच शेवटी, वाक्याच्या टोकाला आपल्या 'ना?'सारखा 'ने?'. त्या गोडव्याला भुलून पुढे जाल, तर रोजच्या वापरातल्या 2,136 कांजी, म्हणजे चिनीतून आलेली चित्राक्षरं, दबा धरून बसलेल्या असतात.

सगळ्यात घातक पोर्तुगीज. ती गोवा विद्यापीठात शिकवतात. शिकलात तर वडापावच्या गाडीवर उभं राहणं मुश्कील. पाव त्यांचा, बटाटा हा शब्दही त्यांचा, मिरचीसुद्धा त्यांच्याच जहाजांतून आलेली. साबण, चावी, पगारही तिकडचेच. हे चारचौघांत बोललात तर अस्मितेचा प्रश्न होईल आणि मार तुम्ही खाल. (हापूसबद्दल तर रत्नागिरीत चकार शब्द काढू नका.)

संस्कृतीच्या तासाला तर दांडीच मारा. "आपली संस्कृती जगात महान" हे वाक्य पहिल्या वर्षी खणखणीत म्हणता येतं. तिसऱ्या वर्षापर्यंत फ्रेंच, जपानी, रशियन सगळे आपापल्याबद्दल तेच म्हणतात हे कळलेलं असतं, आणि वाक्य घशात अडकतं. मग कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तुम्हाला काय किंमत?

इतकं सांगूनही प्रवेश घेतलाच असेल, तर निदान लग्नाकार्यात सांभाळा. "काहीतरी बोलून दाखव की" असा आग्रह होणारच. तेव्हा कविताबिविता म्हणू नका, विभक्तीचा तक्ता म्हणा: डेर, डी, डास, डी, डेन, डी, डास, डी, डेम, डेर, डेम, डेन. मी एका साखरपुड्यात एका दमात म्हटला होता. मावशीने डोळे मिटून हात जोडले आणि हळूच विचारलं, "कुठल्या देवाचं रे?"